साठ ताटांचा हिशेब

दिवाळीची सुटी जवळ आली, की शाळा-महाविद्यालयांच्या शिक्षकखोल्यांतून आणि कार्यालयांतून प्रवासाच्या बेतांना रंग चढू लागतो. गेल्या आठवड्यात आमच्या महाविद्यालयातील ज्येष्ठ लिपिक माझ्यापाशी आले. सगळे महाविद्यालय त्यांना भाऊसाहेब म्हणते. नोकरीची तीस वर्षे भरत आली, तरी कुटुंबासह समुद्र पाहण्याचा योग त्यांना आला नव्हता. तो आता यावयाचा होता. गोव्यात चार दिवस, आणि बरोबर पत्नी, दोन मुले व वृद्ध आई. गाडीचे आरक्षण झाले होते, पणजीत राहण्याच्या दोन खोल्या ठरल्या होत्या, पाहावयाच्या स्थळांची यादी धाकट्या मुलाने वहीत सुवाच्य अक्षरात उतरून काढली होती. “आणि जेवणाचे काय, भाऊसाहेब?” मी विचारले. “त्याचं काय एवढं, सर? तिथं गेल्यावर बघू,” असे म्हणून ते हसले.

“तिथे गेल्यावर बघू” हे आपल्या मध्यमवर्गाचे जेवणाविषयीचे ठरलेले धोरण आहे. प्रवासाला निघताना गाडीचा विचार करणे ही दक्षता, खोलीचा विचार करणे हे शहाणपण, पण जेवणाचा विचार करणे हा मात्र खादाडपणा, अशी आपली समजूत असते. पोटाच्या गोष्टी मोठ्याने बोलू नयेत, हा संस्कार घरात शोभून दिसतो. परक्या गावात तो महागात पडतो. अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने जेवणाच्या पानावर लेख का लिहावा, असे वाचकांना वाटेल. परंतु पहिल्यांदाच एखाद्या पर्यटननगरीत पाऊल टाकणाऱ्या माणसाइतका दुबळा ग्राहक बाजारात दुसरा सापडणे कठीण; आणि दुबळ्या ग्राहकाची बाजू मांडणे हे अर्थशास्त्राच्या कक्षेबाहेरचे काम नव्हे.

प्रथम साधा गुणाकार करू. माणसे पाच, दिवस चार, आणि दिवसातून तीन वेळा खाणे. एकंदर साठ ताटे. गाडीचा निर्णय एकदा होतो, खोलीचा एकदा होतो. आणि दोन्ही घरी, चहा पीत, चार ठिकाणी चौकशी करून होतात. जेवणाचा निर्णय मात्र बारा वेळा करावयाचा असतो, आणि तोही पाय दुखत असताना, ऊन डोक्यावर असताना, मूल रडत असताना. गरजू माणूस सौद्यात कधी जिंकत नाही, हे सांगायला पुस्तकाची आवश्यकता नाही. भुकेची वेळ ही निवड करण्याची सर्वांत वाईट वेळ होय. म्हणून निवड आधी करून ठेवावी, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. पण ती कशाच्या आधारावर करावी, हा प्रश्न थोडा विस्ताराने पाहण्यासारखा आहे.

परत न येणारे गिऱ्हाईक

आपल्या गावातील खानावळवाला आपल्याला बरे जेवण का घालतो? तो सज्जन असेल, नसेलही. पण आज आमटीत पाणी वाढविले, तर उद्या आपण समोरच्या खानावळीत जाऊ, आणि जाताना चौघांना सांगू, हे त्याला पक्के ठाऊक असते. त्याच्या प्रामाणिकपणाला आपल्या पुन्हा येण्याचा पहारा असतो. पर्यटक हा मात्र असा ग्राहक आहे, की जो पुन्हा यावयाचा नाही. तो संतुष्ट होऊन गेला काय किंवा चडफडत गेला काय, उद्या त्याच्या जागी दुसरा येणारच. जेथे ग्राहक परतून येत नाही आणि त्याला मालाची पारखही नसते, तेथे चांगला माल वाईट मालाकडून हुसकला जातो.

जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली हाच विचार जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन मांडला. पुढे २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या त्या छोट्या निबंधात उपाहारगृहांचाही उल्लेख आहे, तो मात्र फारसा कोणी ध्यानात ठेवीत नाही. लांब पल्ल्याच्या महामार्गांवर ठिकठिकाणी शाखा असलेली साखळी उपाहारगृहे का दिसतात, असा प्रश्न ते उपस्थित करतात. तेथील ग्राहक स्थानिक नसतो. अनोळखी खाणावळीची जोखीम घेण्यापेक्षा ओळखीच्या पाटीखाली मिळणारे बेताचे अन्न त्याला बरे वाटते. स्थानिक माणसाला त्या पाटीची गरज पडत नाही. त्याला त्याहून चांगली जागा ठाऊक असते. या निरीक्षणातच पर्यटकाच्या प्रश्नाचे उत्तर आहे. ज्या जागी स्थानिक माणूस पुन्हा पुन्हा येतो, त्या जागी त्याच्या येण्याचा पहारा आपल्यालाही फुकट मिळतो. आपण परत येणार नसलो, तरी शेजारच्या बाकावरचा माणूस उद्या दुपारी परत येणार असतो.

भाडे आणि भाव

आता गोव्याकडे वळू. पणजीपासून कळंगुट सुमारे पंधरा किलोमीटर. तेथे ओळीने मांडलेली लाकडी, झावळ्यांची उपाहारगृहे आहेत. त्यांना शॅक म्हणतात. ती हंगामी असतात. पावसाळ्यापूर्वी ती उतरवावी लागतात आणि हंगामाला पुन्हा उभी राहतात. तेथील दर पाहून नवखा माणूस दचकतो, आणि मग स्वतःच खुलासा करतो, की जागेचे भाडे जबर असणार, म्हणून दर जास्त. विद्यार्थीही वर्गात हेच उत्तर देतात. वस्तुतः कार्यकारणभाव नेमका उलट आहे. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये धान्य आणि जमिनीचा खंड यांच्या संबंधात जे दाखवून दिले, ते येथे जसेच्या तसे लागू पडते. खंड जास्त म्हणून धान्य महाग होत नाही. धान्याला भाव आहे म्हणून जमिनीचा खंड चढतो. समुद्राकाठी बसून खाण्यासाठी आपण वाढीव किंमत मोजावयास तयार असतो, म्हणून त्या जागेला मोल येते.

यात लबाडी आहे, असे मी म्हणणार नाही. सूर्यास्त हीही विकत घेण्याजोगी गोष्ट आहे, आणि एका संध्याकाळी ती जाणूनबुजून विकत घेण्यात काही गैर नाही. परंतु आपण माशाचे पैसे देत नसून क्षितिजाचे देत आहोत, हे ठाऊक असावे. चार दिवसांतील बाराही वेळा क्षितिजाचे पैसे देणे नोकरदाराला परवडणारे नसते. आणि त्यातला फारच थोडा भाग स्वयंपाक करणाऱ्याच्या हाती पडतो.

हे सारे मला पुस्तकात वाचून कळले होते. उमगले मात्र फार उशिरा. २०१४ च्या दिवाळीत मी पत्नी, दोन मुले आणि आई यांच्यासह गोव्याला प्रथमच गेलो. आंबोलीचा घाट उतरून आम्ही सकाळी पोहोचलो. जेवणाचे “तिथे गेल्यावर बघू” हेच धोरण होते. पहिल्याच दिवशी किनाऱ्यावर हिंडता हिंडता तीन वाजून गेले, मुले भुकेने कावली, आणि समोर दिसले त्या उपाहारगृहात आम्ही शिरलो. दरपत्रकात माशांच्या नावांपुढे आकडा नव्हता. ‘आकारानुसार’ असे छापले होते. वाढप्याने एक मासा ताटात ठेवून आणून दाखविला. मुलांनी टाळ्या वाजविल्या. दर विचारण्याचा मला संकोच वाटला. मी प्राध्यापक, मुलांसमोर, आईसमोर भाव कसा विचारावा? बिल आले, तेव्हा दोन दिवसांच्या जेवणाची तरतूद त्या एका बैठकीत संपली होती.

कोणी काही बोलले नाही. पण त्या रात्री जेवायला निघताना आई म्हणाली, “तुम्ही जाऊन या. मला भूक नाही रे.” दुसऱ्या दिवशी दुपारीही तिला भूक नव्हती. घरी संध्याकाळी सातला जेवणाऱ्या माझ्या आईची भूक गोव्याच्या हवेने मारली, असे मानण्याइतका मी भोळा नव्हतो. पण तसे मानणे सोयीचे होते, म्हणून मी मानले. परत येताना तिने मुलांना समुद्राच्या गोष्टी सांगितल्या. जेवणाचा विषय तिने कधीच काढला नाही, आणि मलाही काढवला नाही. त्यानंतर तिचे पुन्हा गोव्याला जाणे झाले नाही.

ओळखीच्या पाटीचा मोह

या अनुभवानंतर माणूस दुसऱ्या टोकाला जातो. फसू नये म्हणून तो ओळखीच्या पाट्या शोधतो. पंजाबी, चायनीज, गुजराती थाळी, शुद्ध शाकाहारी अशा पाट्या कळंगुट-बागा परिसरात पावलोपावली दिसतात, त्या काही केवळ चवीच्या आवडीमुळे नव्हेत. अनोळखी बाजारात ओळखीचा पदार्थ हाच ग्राहकाला एकमेव विमा वाटतो; व्यापारी तो विमा विकतो. सर्वजण तोच विमा घेऊ लागले, की मूळ गावचा पदार्थ त्याच्याच गावातून मागे हटतो. २०२४ च्या आरंभी गोव्याच्या पर्यटनमंत्र्यांनी किनाऱ्यावरील शॅकमध्ये मासे, आमटी व भात हे गोमंतकीय जेवण ठेवणे आवश्यक असल्याचे सांगितले, आणि नव्या शॅक धोरणात तशी तरतूद असल्याचे जाहीर केले. ज्या भूमीत नुस्ते, कडी आणि शीत हेच घरोघरचे दुपारचे जेवण, तेथे ते ग्राहकाला मिळावे म्हणून शासनाला सांगावे लागले! वाचकांनी ही बातमी हसून सोडून देऊ नये. परतून न येणाऱ्या ग्राहकाच्या भीतीने बाजाराला कोठे आणून ठेवले, याचा याहून बोलका दाखला मिळणार नाही.

मग भरवसा कशावर ठेवावा? आजकाल भ्रमणध्वनीवर प्रत्येक उपाहारगृहाला तारे मिळालेले दिसतात. ते पाहू नयेत, असे नाही. पण हे तारे देणारे बहुतांशी आपल्यासारखेच एकदा येऊन गेलेले लोक असतात; एका अनोळख्याने दुसऱ्या अनोळख्याला दिलेली ती साक्ष असते. तारे मोजण्याऐवजी मजकूर वाचावा, आणि त्यातही “दर आठवड्याला येतो” असे लिहिणाऱ्याचा वाचावा. वाहनचालकाला “चांगले हॉटेल कोठे आहे?” असे विचारण्यातही धोका आहे. काही ठिकाणी गिऱ्हाईक आणून सोडण्याबद्दल चालकाला दलाली मिळते; तो त्याचा धंदा आहे, त्याला दोष देऊन उपयोग नाही. प्रश्न बदलावा. “तुम्ही स्वतः दुपारी कोठे जेवता?” असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला दलालीचे उत्तर येते, दुसऱ्याला पोटाचे.

नोकरदारांच्या मागून जावे

माझा मुख्य सल्ला सोपा आहे. आपण शिक्षक, लिपिक, विद्यार्थी असाल, तर परक्या गावी तेथील शिक्षक, लिपिक आणि विद्यार्थी कोठे जेवतात, ते पाहावे. या बाबतीत पणजी हे शहर आपल्याला फार अनुकूल आहे. ते पर्यटकांचे गाव आहेच, पण राज्याची राजधानी म्हणून ते कार्यालयांचे आणि दुकानांचेही गाव आहे. १८ जून रस्ता (राममनोहर लोहियांनी १९४६ मध्ये याच तारखेला मडगावी सुरू केलेल्या सत्याग्रहाची ही आठवण), महापालिकेचा बाजार आणि कदंब बसस्थानक या परिसरात दुपारी हिंडले, की कोणत्या दारातून डबा न आणलेला नोकरदार आत शिरतो, ते दिसते. त्याच्यामागून जावे. तेथे ताटात भात, आमटी, तळलेल्या माशाचा तुकडा, एखादी भाजी, किसमूर आणि सोलकढी असा ठरलेला सरंजाम ठरलेल्या दरात मिळतो. थाळीचा सर्वांत मोठा गुण हा, की तिची किंमत आधी ठरलेली असते. ‘आकारानुसार’ या शब्दाला तेथे थारा नसतो.

परंतु या खानावळींना घड्याळ असते, आणि बहुतेक नवखे तेथेच चुकतात. दुपारचे जेवण साधारण बारा ते तीन. त्यानंतर दारे बंद होतात. गोव्यातली दुपार ही विश्रांतीची वेळ आहे. आपण मात्र स्थळे आधी ठरवितो आणि जेवण त्यांच्या फटीत बसवितो. मग साडेतीन वाजता भूक लागते, तेव्हा फक्त पर्यटकांसाठी दिवसभर उघडी असलेली ठिकाणेच उरतात. म्हणून दुपारचे जेवण आधी ठरवावे, आणि स्थळे त्याच्या दोन्ही बाजूंना मांडावीत. २०१४ मध्ये मी एवढी एक गोष्ट केली असती, तर पुढचे काहीच घडले नसते.

घड्याळाप्रमाणेच पंचांगही पाहावे लागते. गोव्यातील अनेक हिंदू घरांत सोमवारी आणि गुरुवारी मासे शिजत नाहीत, श्रावणातही नाहीत. मांसाहार न करणाऱ्याला तेथे ‘शिवराक’ म्हणतात, आणि शिवराक जेवणाची परंपरा माशांच्या कीर्तीखाली झाकली गेली असली, तरी समृद्ध आहे. नाना भाज्यांचे खतखते हे तिचे एक उदाहरण. ज्यांच्याबरोबर शाकाहारी वडीलधारी माणसे आहेत, त्यांनी मंगेशी, म्हार्दोळ, कवळे या फोंडा तालुक्यातील देवस्थानांचे दर्शन आणि तो दिवस यांची सांगड घालावी. पणजीत उडुपी पद्धतीची उपाहारगृहेही आहेत. आईला तिच्या वाराला तिच्या पद्धतीचे जेवण मिळणार आहे, हे निघण्यापूर्वीच तिला सांगता येणे ही लहान गोष्ट नाही.

ऋतूचेही तसेच. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. त्या काळात ताटात येणारा मोठा मासा बर्फातला किंवा बाहेरगावचा असण्याचा संभव अधिक. तेव्हा खाडीचे मासे, सुकी मासळी आणि भाज्या यांच्याकडे वळावे. दिवाळीच्या सुमारास बांगड्याची चलती असते. ज्या दिवशी जे मुबलक, तेच ताजे आणि तेच स्वस्त, हा मागणी-पुरवठ्याचा पहिला धडा मासळीबाजारात जितका स्वच्छ दिसतो, तितका वर्गातही दिसत नाही. सकाळी बाजारात अर्धा तास फेरफटका मारावा. दुपारी काय मागवावे, ते तेथेच कळते.

सकाळच्या खाण्याची चिंता तर करूच नये. सायकलीवर भोंगा वाजवीत येणारा पदेर पहाटे ताजे पाव घेऊन दारोदार फिरतो. पाव हा शब्द पोर्तुगीजांचा, बटाटाही त्यांचाच; आणि गोव्याची पातळ भाजी व पाव ही न्याहारी आज कोणालाही परकी वाटत नाही. पणजीत कॅफे टाटो, कॅफे भोसले ही नावे त्यासाठी स्थानिकांच्या तोंडी आहेत. खोलीच्या भाड्यात न्याहारी धरलेली नसेल, तर नुकसान झाले असे समजू नये.

बिल वाचण्याचे शिक्षण

जेवण संपल्यावर येणारे बिल हाही वाचण्याचा मजकूर आहे. साध्या उपाहारगृहातील जेवणावर वस्तू व सेवा कर ५ टक्के आहे. ज्या हॉटेलात खोलीचे दिवसाचे भाडे ७,५०० रुपयांच्या वर जाते, तेथील भोजनालयात तो १८ टक्के लागतो. म्हणजे राहावयास नसलो, तरी केवळ जेवण्यासाठी अशा हॉटेलात गेल्यास करातच मोठा फरक पडतो. ज्या छोट्या खानावळी कराच्या एकरकमी योजनेत आहेत, त्यांना ग्राहकाकडून वेगळा कर आकारता येत नाही.

सेवाशुल्काचा प्रकार निराळा. हा सरकारी कर नव्हे. ते बिलात आपोआप लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये दिली, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. वाढप्याची सेवा आवडली, तर त्याच्या हाती स्वखुशीने पैसे द्यावेत. पण बिलात छापून आलेला आकडा विनयाने काढावयास सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्यसेवाही आहे. उलट, बाटलीबंद पाण्याच्या बाबतीत पुष्कळांचा समज चुकीचा असतो. उपाहारगृहात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीहून अधिक आकारता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला. तेव्हा तेथे वाद घालण्यात अर्थ नाही. बाटली बरोबर न्यावी किंवा साधे पाणी मागावे.

आणि दर विचारण्याची लाज सोडावी. शब्दांवाचून केलेला सौदा हा सौदा नव्हे. दुकानात कापडाचा भाव विचारताना आपल्याला संकोच होत नाही; ताटापुढे बसल्यावरच का व्हावा? ‘आकारानुसार’ असे छापलेले दिसले, की “याचे किती होतील?” हा प्रश्न मासा शिजण्यापूर्वी विचारावा. मुलांसमोर विचारावा. त्यांनाही ते शिक्षण आहे.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की सर्व आधी ठरविले, तर प्रवासातील मौज उरत नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच बाराही वेळा ठरवू नयेत. दुपारची चार जेवणे ठरवावीत. रात्रीच्या चारांपैकी एक समुद्रकाठचे, ऐपतीप्रमाणे रक्कम आधी बाजूला काढून, दोन साधी, आणि एक मोकळे सोडावे. सकाळच्या न्याहाऱ्या वाटेवर सोपवाव्यात. ज्याची सात जेवणे निश्चित आहेत, त्यालाच आठवे जेवण निर्धास्तपणे शोधता येते. फोंतेन्हासच्या अरुंद गल्लीत एखादे अनोळखी दार उघडे दिसले, तर आत डोकावण्याचे धाडस खिशात हिशेब असलेल्या माणसालाच होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. स्थानिकांच्या खानावळीत सर्वच पर्यटक जाऊ लागले, तर तेथील दर वाढतील, बाकांसाठी रांगा लागतील, आणि ज्या लिपिकाच्या मागून आपण गेलो, त्यालाच डबा आणावा लागेल. अशा रीतीने जागा बिघडल्याची उदाहरणे आहेत. यावर एवढेच सांगता येईल, की पाहुण्याने पाहुण्यासारखे वागावे. कार्यालयांच्या सुटीच्या ऐन वेळी, एक ते दोनच्या दरम्यान, पाच जणांनी बाक अडवून बसू नये, बाराला जावे. जेवण झाल्यावर छायाचित्रे काढीत रेंगाळू नये. तेथे नसलेले पदार्थ मागू नयेत. पर्यटक पनीर मागू लागला, की पुढच्या वर्षी दरपत्रकात पनीर येते आणि खतखते जाते. आपली मागणी ही त्या गावच्या स्वयंपाकघरावर दिलेली मते असतात, याचे भान ठेवले, तर परतून न येणारा ग्राहकही थोडेफार बरे करून जाऊ शकतो.

भाऊसाहेबांना मी हे सारे सांगितले नाही. एक कोरा कागद घेतला, त्यावर चार दिवसांचे चार रकाने आखले, प्रत्येकात तीन ओळी केल्या, आणि आधी दुपारच्या चार ओळी भरल्या. आईचा वार कोणता, ते विचारले. गुरुवार, ते म्हणाले. मग मंगेशीचा दिवस गुरुवारी नेला. समुद्रकाठच्या एका रात्रीपुढे त्यांनी स्वतः आकडा लिहिला, जरा विचार करून तो थोडा वाढविला, आणि कागदाची घडी खिशात ठेवली. जाता जाता दारातून वळून म्हणाले, “सर, आई काही मागत नाही हो कधी. तिला विचारलं, तर म्हणते, मला काही नको.”

ते मला ठाऊक आहे. आपल्या घरांतून अशी माणसे असतात, की ज्यांची भूक बिलाच्या आकड्याप्रमाणे कमीजास्त होते. त्यांना विचारून उत्तर मिळत नाही. त्यांच्या वाट्याचे ताट घरून निघण्यापूर्वीच मोजून ठेवावे लागते.